ब्याडप्पांची वही

ब्याडप्पांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द 'ब्याड' हाच होता, आणि तो त्यांनी माझ्या आईला ऐकवला होता. ब्याड म्हणजे नको. धारवाडात हा कानडी शब्द दिवसातून पन्नासदा कानावर पडतो, त्यात विशेष काही नाही. पण ते जसा म्हणत, तसा मी दुसऱ्या कुणाकडून ऐकला नाही. आवाज चढवायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत, फक्त समोरच्याच्या हाताकडे बघायचे. आईच्या हातात गुळाचा खडा होता. केलगेरीच्या तळ्यापलीकडे घोडेस्वारी शिकवणारी एक लहानशी शाळा आहे, तिथे आम्ही पहिल्यांदाच गेलो होतो. आपली मुलगी जिच्या पाठीवर बसणार त्या घोडीला काहीतरी गोड द्यावं, एवढाच आईचा साधा हेतू. खडा तिच्या मुठीतच राहिला आणि रिक्षाभर ती धुसफुसत आली.

त्यांचं खरं नाव परशुराम. अळणावरजवळच्या एका खेड्यातले. घरची थोडी शेती भावांकडे सोपवून ते या शाळेत मोतद्दार म्हणून लागले होते, म्हणजे घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, नाल, दुखणं-खुपणं सगळं त्यांच्याकडे. तोंडावर आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. ब्याडप्पा हे पाठीमागचं नाव, आणि ते मी ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा एका पाहुण्याने नाव विचारलं तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "परशुराम. पण या अक्काला विचारा, ती दुसरंच सांगेल."

अक्का म्हणजे मी. जन्मापासून माझे दोन्ही पाय आणि उजवा हात आखडलेले. चालते, पण बघणाऱ्याचाच जीव खालीवर होतो. डॉक्टरांनी व्यायाम म्हणून घोड्यावर बसायला सांगितलं आणि तुंगा नावाच्या त्या तपकिरी घोडीवर बसल्यावर मला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्यातरी बरोबरीने चालल्यासारखं वाटलं. व्यायामाचं वेड झालं आणि वेडाची स्पर्धा. अपंग स्वारांच्या स्पर्धा असतात, त्यात घोड्याला ठरलेल्या आखणीत, ठरलेल्या चालीने चालवून दाखवायचं असतं. शाळा चालवणारे सर सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माझं नाव बंगळुरूच्या स्पर्धेला दिलं आणि तिथे पहिल्या दोघांत आलीस तर देशाच्या संघाच्या सराव-शिबिराला बोलावणं येईल, असं सांगितलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेनासं झालं.

या स्पर्धांत स्वाराचीही तपासणी होते आणि घोड्याचीही. स्वाराला रोजची गोळी लागत असेल तर डॉक्टरांचा कागद आधी पाठवून परवानगी काढावी लागते. घोड्याचं मात्र फार कडक. त्याच्या रक्तात किंवा लघवीत नको ते सापडलं, तर ते कसं गेलं हे कुणी विचारायच्या आधीच दोष स्वाराच्या नावावर लागतो. सरांनी एका पशुवैद्यांना बोलावून सगळ्यांना हे समजावून दिलं होतं. छापील यादी इंग्रजीत होती. अण्णा चौथी शिकलेले. त्यांनी वैद्यांना सोडलंच नाही, एकेक नाव वाचायला लावून ते कशात असतं हे विचारून घेतलं. वैद्य बिचारे शेवटी म्हणाले, हे काही एवढं पाठ करायची गरज नाही. अण्णांनी त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं आणि पुढचं नाव वाचायला सांगितलं.

त्यानंतर आमचे जे हाल सुरू झाले ते काय सांगू. माझ्या पायांना आई रोज बाम चोळायची. तो बंद. का, तर माझे पाय दिवसातून तासभर तुंगाच्या अंगाला घासणार, बामातला तिखट अंश तिच्या कातडीत उतरणार. आई म्हणाली, मुलीचे पाय दुखले तर चालतील काय? अण्णांनी गरम पाण्याची पिशवी सुचवली आणि आईच्या कपाटातल्या चार बाटल्या वाचून घ्यायला स्वतः घरी आले. एक तेल चालेल म्हणाले, तीन ब्याड. आईने त्यांना चहा दिला तो त्यांनी घेतला, पण शाळेत परतल्यावर कोपरापर्यंत हात धुऊन, चूळ भरून मगच पागेत शिरले. चहातलं काहीतरी घोड्याला चालत नाही, हे त्यांनी डोक्यात पक्कं बसवलं होतं.

स्वतःला त्यांनी सूट दिली असती तर मला राग तरी धरता आला असता. त्या हिवाळ्यात गवताच्या धुळीने त्यांना खोकला झाला. कलघटगीच्या डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली. ती बाटली त्यांनी शाळेच्या आवारात एक दिवस आणली नाही. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीत ठेवायचे, तिथेच घ्यायचे. औषध घेतलेल्या माणसाने घोड्याच्या ठाणात लघवी केली तर ओलं झालेलं गवत घोडा खातो आणि औषध त्याच्या अंगात जातं, असं वैद्यांनी सांगितलं होतं. कितीतरी पागांत मोतद्दार आडोशाला तिथेच उरकतात. अण्णा खोकत खोकत पार मैदानाच्या टोकाच्या संडासात जायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यालाही तिकडेच पिटाळायचे. शाळेला मदत करणाऱ्या एका पुढाऱ्यालाही त्यांनी हात धरून तिकडे नेलं होतं.

केशवापूरची माझी मावशी एकदा पेढे घेऊन आली. घोडीला एक तरी भरवू दे, म्हणून हटून बसली. अण्णांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पेढा मात्र नाही. खंडेनवमीला सरांच्या घरच्यांनी घोड्यांची पूजा करायची म्हटली, तर हळदकुंकू खोगिराला लावा, कपाळाला ब्याड. मावशी जाताना मला म्हणाली, या माणसाला देवाने दुसरा शब्द दिलाच नाही काय गं? मी ते अण्णांना सांगितलं. तुंगाच्या आयाळीतून हात फिरवत ते म्हणाले, "गोड दिलेलं घोडा कधी नको म्हणत नाही, अक्का. म्हणून त्याच्या वाटचं नको कुणीतरी म्हणाय पाहिजे." मी हसले. मोठी शहाणी ना मी.

आता वहीचं सांगते. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची साधी वही. तुंगाच्या तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट ते तिच्यात लिहीत. चंदी म्हणजे दाणा किती, गवत कुठल्या गंजीतलं, पाणी कुठल्या नळाचं, कोण हात लावून गेलं. अक्षर मराठी, आकडे कानडी. पानाच्या तळाशी त्यांची सही आणि शेजारी माझी. रोज संध्याकाळी मी पान वाचून सही करायची, असा नियम. तपासणीत काही निघालं तर ही वहीच दाखवायची असते. आता माझ्या आखडलेल्या हाताला सही करायला दोन मिनिटं लागतात. त्यात रोज तेच वाचायचं, चंदी, गवत, पाणी. मला जाम कंटाळा यायचा. बंगळुरूला निघायच्या आदल्या दिवशी मी हात दुखतो म्हणून त्यांच्या मागे लागले आणि पुढच्या सहा कोऱ्या पानांवर एकदम सह्या करून टाकल्या. ते ब्याड ब्याड म्हणत होते. पण हाताचं नाव काढलं की ते नरमतात, हे मला ठाऊक होतं आणि मी ते वापरलं.

तुंगा ट्रकने गेली, अण्णा तिच्याबरोबर. मी आणि आई रेल्वेने. आईने माझ्यासाठी डिंकाच्या लाडवांचा डबा बरोबर घेतला होता. थंडीत आमच्याकडे ते होतातच. डिंक, खारीक, खोबरं, खसखस, गूळ. तिथे पोहोचलो तर घोडी तोंड लावेना. प्रवासाने बिथरली होती. दीड दिवस चंदीला शिवली नाही, पाणीही घोट दोन घोट. अण्णांनी गवत बदलून बघितलं, मान चोळली, तिच्याशी तासतासभर बोलत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी स्पर्धा. उपाशी घोडी रिंगणात काय चालणार? माझा जीव टांगणीला लागला होता.

दुपारी अण्णा बादली घेऊन पाण्याला गेले. मी एकटीच तिच्यापाशी होते. डब्यातला लाडू मीच खात होते, तर तिने मान लांब करून माझा हात हुंगला. दीड दिवसात पहिल्यांदा. मी अर्धा लाडू तळहातावर धरला, तिने तो ओठांनी अलगद उचलला. मग उरलेला अर्धा. मग आणखी एक. लाडू काय औषध आहे, असं मी मनाशी म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं, म्हणजे नियम माझ्या डोक्यात होता. दुसरा लाडू संपला आणि तिने चंदीत जे तोंड घातलं ते सगळं फस्त करूनच वर काढलं. मला रडू आलं. थोड्या वेळाने अण्णा बादली घेऊन आत आले, रिकाम्या तोबऱ्याकडे बघून म्हणाले, "खाल्लं?" मी म्हटलं, खाल्लं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. आनंदाने गप्प झाले असतील, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुंगा अशी चालली की काय सांगू. मी दुसरी आले. पदक गळ्यात असतानाच तपासणीचे लोक तिला घेऊन गेले, तिने लघवी करावी म्हणून अण्णा शिट्टी घालत, बाटली भरेपर्यंत तिच्याजवळ उभे राहिले. धारवाडला परतल्यावर आईने सगळ्या गल्लीत पेढे वाटले. शिबिराचं बोलावणंही आलं.

काही आठवड्यांनी सरांनी मला आणि अण्णांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागद होता. तुंगाच्या लघवीत मॉर्फिनचा अंश सापडला होता. पदक जाणारच होतं, तो नियमच आहे. प्रश्न पुढचा होता. हे कसं गेलं ते पटण्यासारखं सांगता आलं आणि स्वाराचा हात नाही असं दिसलं तर मला ताकीद देऊन सोडतील, नाहीतर दोन वर्षं बंदी, शिबिर वगैरे विसरायचं. सर एकेक शक्यता मोजत होते. दुखण्यावरचं इंजेक्शन, ते तर दिलेलं नाही. खोकल्याची काही औषधं. आणि खसखस, ती ज्या अफूच्या झाडाची त्यातूनच मॉर्फिन निघतं.

खसखस हा शब्द ऐकला आणि मला डब्यातले लाडू आठवले. मी वर बघितलं तर अण्णा माझ्या हाताकडे बघत होते. माझ्या हातात काहीच नव्हतं.

सरांनी अण्णांना वही आणायला सांगितली. ते गेले. खोलीत मी आणि सर दोघंच उरलो. पागा तिथून शंभर पावलांवर, पण त्यांना यायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मी बोलू शकले असते. एकच वाक्य तर होतं, सर, मी लाडू दिला. सर खिडकीतून मैदान बघत होते, मी भिंतीवरचं कॅलेंडर.

अण्णा आले, वही टेबलावर ठेवली. सरांनी पानं उलटली आणि थांबले. स्पर्धेच्या आदल्या दिवसाचं पान नव्हतं. फाडलेली कड दिसत होती. सरांनी काही विचारायच्या आत अण्णा म्हणाले, "पान मी फाडलंय. खोकल्याचं औषध घेत होतो, सर. बंगळुरात घोडीच्या ठाणात लघवी केली. अक्काला त्यातलं कायबी ठाऊक नाही."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. ज्या माणसाने पुढाऱ्याला हात धरून मैदानाच्या टोकाला नेलं, तो हे सांगत होता. मला वाटतं, सरांनाही ते पटलं नव्हतं. पण कबुली होती, डॉक्टरांची चिठ्ठी होती, औषधात नेमका तोच घटक होता. चौकशी-समितीसमोर व्हिडिओ कॉलवर अण्णांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. मला विचारलं, तुम्हाला याची कल्पना होती का? मी नाही म्हटलं. त्या एका शब्दाने मी सुटले आणि त्या माणसाचं काम गेलं. नुसतं काम नाही, दुसऱ्या कुठल्याही पागेत त्यांना आता कुणी उभं करणार नव्हतं.

घरी आईला मी सगळं सांगितलं होतं. ती हातातली भाजी निवडता निवडता म्हणाली, मग आता? मी चिडून म्हटलं, आता काय, त्यांनी सांगितलंय ना. आमच्या घरी त्यानंतर डिंकाचे लाडू झाले नाहीत.

ते गेले त्या दिवशी मी फाटकापाशी उभी होते. त्यांच्या हातात एक पिशवी, एवढंच. तुंगाचा निरोप घेऊन आले होते, बाहीला तिचे केस चिकटले होते. मला काहीतरी म्हणायचं होतं. काय म्हणायचं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, खरं म्हणजे त्यांनी मला विचारावं, असं वाटत होतं. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "खरारा उलटा फिरवू देऊ नको, अक्का. तिला आवडत नाही." आणि टपरीवाल्याशी दोन शब्द बोलून बसकडे गेले.

मी शिबिराला गेले. तिथे पाचवी आले, संघात निवड झाली नाही. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. वर्षभराने मी स्वारी सोडली. लोकांना सांगायची, पाय साथ देत नाहीत. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, तिथे दिवसभर बसून असते, कुणी काही विचारत नाही. अळणावर धारवाडपासून बसने तासाभराचं. सहा वर्षांत मी एकदाच निघाले, अळणावरच्या स्टँडवर उतरले, उसाचा रस प्यायले आणि समोर लागलेल्या धारवाडच्या बसमध्ये चढले. भित्री म्हणा, दुसरा शब्द माझ्याकडेही नाही.

गेल्या पावसाळ्यात सरांचा फोन आला. परशुराम गेले, म्हणाले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. पंधरा दिवसांनी मी गेले. आता घाबरायला कुणी उरलं नव्हतं ना, म्हणून जमलं.

त्यांच्या बायकोने, शांताक्काने, मला दारातच ओळखलं. चालण्यावरून ओळखलं असेल. घोंगडं घातलं, ताक दिलं. अण्णा शेवटपर्यंत गावातल्या म्हशींचं दुखणं-खुपणं बघत होते, असं सांगितलं. तिथेही तीच सवय, पोरांनी म्हशीला काही खायला धरलं की ब्याड. मी हसले आणि मग हसू आवरेना, मग रडूही आवरेना. तिने मला रडू दिलं. नंतर आत जाऊन ट्रंकेतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. म्हणाली, "ती आली तर दे, म्हणून ठेवलं होतं त्यांनी. कुणाच्या हाती पाठवू नको म्हणालते."

पिशवीत घडी घातलेलं वहीचं पान होतं. एवढी वर्षं मला वाटत होतं, त्या गडबडीत त्यांच्याकडून लिहायचं राहिलं असेल, म्हणून त्यांनी पान फाडलं. पान भरलेलं होतं. सकाळची चंदी, शिवली नाही. पाणी, दोन घोट. आणि त्याखाली त्याच सरळ अक्षरात:

"दुपारी. अक्काने डब्यातले लाडू दिले, दोन. मग घोडीने चंदी खाल्ली. मी बादली घेऊन दारात होतो. ब्याड म्हटलं नाही."

खाली त्यांची सही. आणि शेजारी माझी, धारवाडहून निघायच्या आदल्या दिवशी कंटाळून केलेली, वाकडी, ठसठशीत. म्हणजे ते पान समितीपुढे गेलं असतं तर मी वाचलं, मला ठाऊक होतं आणि मी सही केली, असंच ठरलं असतं. खोटं त्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून त्यांनी पान फाडलं.

मी शांताक्काला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही, इतकी वर्षं काय जपतोय हे तिला माहीत नव्हतं. ऐकून ती म्हणाली, त्या खेपेहून आल्यापासून ते कधीमधी आपल्याशीच म्हणायचे, एकदा म्हणालो असतो तर. तिला वाटायचं, शेतीच्या वाटणीचं काहीतरी असेल.

मी त्या दिवशी घरी गेले नाही. स्टँडवरून थेट केलगेरीला गेले. सर पागेतच होते. मी तिथेच उभ्याउभ्या लाडू सांगितला, शंभर पावलांचा तो वेळ सांगितला, समितीपुढे म्हटलेलं 'नाही' सांगितलं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ऑफिसात नेऊन कपाटातून निळी वही काढली आणि ते पान फाटलेल्या कडेला लावून बघितलं. बरोबर बसलं. मग समितीला पत्र लिहायला बसले. पदक केव्हाच परत गेलेलं, तुंगा म्हातारी झालेली, माणूस गेलेला, पत्राने आता काय व्हायचं, असं त्यांनी म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. परशुराम यांनी ठाणात लघवी केली नव्हती, हे पहिलंच वाक्य होतं.

पत्र माझ्यापुढे ठेवून सरांनी पेन दिलं. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. परत एकदा वाचलं. मग सही केली. दोन मिनिटं लागली.